पाकिटावरचा आकडा आणि हाती येणारा आकडा: दप्तरातल्या डिजिटल सामानाचं गणित

६४ जीबी लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला की ५९.६ जीबी दाखवतो. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन चार वेळा भरायला हवा, तो जेमतेम पावणेतीन वेळा भरतो. टाइप-सीचा ॲडॅप्टर लॅपटॉपला नीट बसतो, तरी प्रोजेक्टरवर चित्र येत नाही. या तिन्ही वेळी वस्तू बिघडलेली नसते आणि बहुतेक वेळा कुणी फसवलेलंही नसतं. पाकिटावरचा आकडा खरा असतो, पण तो नेमका कशाचा आहे हे तिथे लिहिलेलं नसतं.

यातली वस्तू गेली तर दुसरी घेता येते. तिच्यातला प्रकल्प, वर्षभराच्या नोट्स, प्रयोगवहीचे फोटो मात्र पुन्हा मिळत नाहीत, आणि ते जातात ते नेमके सादरीकरणाच्या आदल्या रात्री. म्हणून या सामानाची खरेदी कशी करावी यापेक्षा ते आतून कसं चालतं, याकडे इथे जास्त लक्ष दिलं आहे.

हरवलेले जीबी

पेनड्राइव्ह बनवणारे दहाच्या पटीत मोजतात. त्यांचा १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ६४ अब्ज बाइट साधारण असतातच. विंडोज मात्र १,०२४ ला १,०२४ ने दोनदा गुणून येणाऱ्या संख्येला, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांना, एक जीबी म्हणतं. ६४ अब्जाला या संख्येने भागलं की ५९.६ येतात. याच हिशोबाने १ टीबीची हार्ड डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते. मॅकने २००९ पासून दहाची पट स्वीकारली, त्यामुळे तोच पेनड्राइव्ह तिथे ६४ जीबीच्या जवळपास दिसतो. एकही बाइट कुठे गेलेला नसतो.

खरी फसवणूक ओळखायला हा आकडा उपयोगाचा नाही, कारण बनावट पेनड्राइव्हही आकडा बरोबरच दाखवतो. त्याच्या आत चिप असते ८ जीबीची, पण तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर संगणकाला ६४ सांगतो. पहिले ८ जीबी व्यवस्थित जातात. त्यापुढचं लिखाण जुन्यावर चढतं किंवा कुठेच साठत नाही. फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, पण ती उघडत नाही. हे पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: पेनड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहायचं. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स व मॅकवर ‘एफथ्री’ ही मोफत साधनं नेमकं हेच करतात. लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबी असेल तर ६४ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. ही चाचणी पेनड्राइव्ह नवा आणि रिकामा असतानाच करावी, नंतर ती करायला कुणी धजावत नाही.

आता आतलं. फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. आज पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडीत, म्हणजे लॅपटॉपमधल्या फिरती तबकडी नसलेल्या डिस्कमध्ये, असते ती ‘नँड’ जातीची फ्लॅश मेमरी १९८७ मध्ये जगापुढे आली. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे ० किंवा १ अशी एकच नोंद, ठेवत, म्हणजे भार आहे की नाही एवढंच पाहावं लागे. पुढे जागा स्वस्त करण्यासाठी एका कप्प्यात तीन बिट कोंबले जाऊ लागले, त्यासाठी भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांसाठी १६. भांडं भरलेलं आहे की रिकामं हे लांबूनही सांगता येतं, पण पाणी सोळापैकी कोणत्या रेघेवर आहे हे सांगायचं तर थोडीशी गळतीही घोटाळा करते. प्रत्येक लिहिण्या-पुसण्यात कप्प्याची भिंत थोडी झिजते. एक बिट ठेवणारा कप्पा सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येतो, तर तीन बिटांचा काही हजार वेळांतच थकतो. शिवाय वीज नसताना भार हळूहळू झिरपत राहतो आणि उष्णतेत तो आणखी वेगाने जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. फाइल पेनड्राइव्हवरच उघडून तासन् तास तिच्यात लिहीत बसू नये. ती आधी संगणकावर उतरवावी, काम संपलं की परत ठेवावी. लिहिण्याचे प्रोग्राम मागच्या बाजूला तात्पुरत्या फाइली सतत बनवत आणि पुसत असतात, ती सगळी झीज नाहीतर पेनड्राइव्ह सोसतो, आणि मध्येच तो हलला तर फाइल अर्धवट राहते. दुसरी गोष्ट, वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी पेनड्राइव्ह हे ठिकाण नव्हे. तो वाहतुकीसाठी आहे, साठवणीसाठी नाही.

जागा आहे, तरी फाइल जात नाही

पेनड्राइव्हमध्ये २० जीबी मोकळे आहेत, ६ जीबीचा व्हिडिओ कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. दोष मांडणीचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली नोंदवून ठेवण्याच्या पद्धतीचा, असतो. ‘फॅट-३२’ या जुन्या मांडणीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा आहे, त्यामुळे ४ जीबीला एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, ही एका फाइलची कमाल मर्यादा. ‘एक्सफॅट’ ही मायक्रोसॉफ्टची २००६ मधली मांडणी ही मर्यादा काढून टाकते आणि विंडोज, मॅक, नवे लिनक्स, बहुतेक नवे फोन ती वाचतात. ‘एनटीएफएस’ ही विंडोजची मांडणी टाळावी, मॅक ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

बदल करायचा तर आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्यावं, कारण फॉरमॅट मारलं की ते जातं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, यादीतून एक्सफॅट, एवढंच. एक अडचण उरते: जुनी छपाईयंत्रं आणि वर्गातले जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. म्हणून छपाईसाठी ८ किंवा १६ जीबीचा एक लहान पेनड्राइव्ह फॅट-३२ वरच ठेवावा. अनोळखी संगणकाला तोच लावावा, मूळ कामाचा लावू नये. अशा संगणकावरून परत आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइली बहुधा जागच्या जागी असतात, व्हायरसने फक्त लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’ पर्यायांत लपलेल्या फाइली दाखवा आणि ‘संरक्षित सिस्टिम फाइली लपवा’ या चौकोनातली खूण काढा.

पेनड्राइव्ह उपसून काढण्याबद्दल. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली म्हणजे लिखाण संपलं असं नाही. संगणक बरंचसं स्वतःच्या मेमरीत धरून मागाहून लिहितो, लिनक्सवर हे फार ठळकपणे दिसतं. विंडोज १० ने २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत ही साठवण मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली, तरी एखादा प्रोग्राम फाइल धरून बसलेला असू शकतो. फॅट-३२ आणि एक्सफॅट या दोन्हींत ‘आता काय करायला घेतलं आहे’ याची वेगळी नोंदवही नसते. त्यामुळे लिखाणाच्या मध्यावर तार तुटली तर कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा तक्ताच अर्धवट राहतो, आणि एका फाइलीपायी सगळा पेनड्राइव्ह वाचेनासा होतो. ‘इजेक्ट’ करण्याचे पाच सेकंद या तक्त्यासाठी द्यायचे असतात.

वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा, असा संदेश आला तर ‘नको’ म्हणा. तक्ता बिघडलेला असतो, बहुतेक मजकूर जागेवर असतो. त्या पेनड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका, दुरुस्तीचं साधनही त्याच्यावर उतरवू नका. ‘फोटोरेक’ हे मोफत साधन तक्त्याकडे न पाहता थेट मजकूर चाळतं आणि फाइली ओळखून दुसऱ्या डिस्कवर काढून देतं. नावं जातात, आतलं बरंच मिळतं. विंडोजची ‘चेकडिस्क’ ही दुरुस्ती आधी चालवू नये, कारण ती तक्त्यात बदल करते. मजकूर काढून झाल्यावर खुशाल चालवा.

आणि दुसरी प्रत. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फोल्डर आपोआप जुळत असेल तर त्याला बॅकअप समजू नये. फोनवर फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती हव्यात: एक रोजच्या यंत्रावर, एक घरात किंवा खोलीत वेगळ्या डिस्कवर, एक ऑनलाइन. प्रकल्प चालू असताना फाइलच्या नावात तारीख घालून दर आठवड्याला नवी प्रत करणं हे साधं काम कोणत्याही महागड्या साधनापेक्षा जास्त वाचवतं.

टॅब किंवा फोनच्या खोक्यावरचा ‘८+८ जीबी रॅम’ हा आकडाही याच घरातला. खरी रॅम पहिली ८. दुसरे ८ जीबी साठवणीच्या जागेतूनच उसने घेतलेले असतात. ती जागा रॅमपेक्षा कितीतरी हळू असते आणि वापरल्याने झिजतेही. खरेदी करताना अधिकचिन्हापुढचं सोडून द्यावं.

पॉवर बँकेचे २०,००० कुठे जातात

एमएएच म्हणजे मिलिॲम्पिअर-तास. हा आकडा किती विद्युतभार आहे हे सांगतो, किती ऊर्जा आहे हे सांगत नाही. ऊर्जा काढायची तर व्होल्टने गुणावं लागतं. टाकीत पाणी किती आहे याबरोबर ती किती उंचावर आहे हेही कळायला हवं, तसंच.

पॉवर बँकेच्या आतल्या लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो. २०,००० एमएएच म्हणजे २० ॲम्पिअर-तास, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॅट-तास. हा खरा साठा. बाहेर यूएसबीला लागतात ५ व्होल्ट. दाब वाढवला की भार त्या प्रमाणात कमी भरतो: ७४ भागिले ५, म्हणजे १४,८०० एमएएच. दाब वाढवणारं सर्किट गरम होतं, त्यात साधारण १० ते १५ टक्के ऊर्जा जाते. बाहेर पडतात सुमारे ६३ वॅट-तास, ५ व्होल्टला साडेबारा हजार एमएएच. प्रामाणिक उत्पादक हाच आकडा पाठीमागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापतात. २०,००० च्या पॉवर बँकेवर तिथे बारा-तेरा हजार दिसलं तर ती चांगली खूण समजावी.

फोनचंही तसंच. ५,००० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टला सव्वाएकोणीस वॅट-तास धरते, आणि भरताना फोन स्वतः गरम होतो त्यात आणखी काही जातं. एका पूर्ण भरणीला २२-२३ वॅट-तास लागतात. ६३ ला त्याने भागा. पावणेतीन.

लॅपटॉपसाठी पॉवर बँक घेताना वॅट-तासांइतकेच व्होल्ट महत्त्वाचे. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-तास छापलेले असतात, हलक्या लॅपटॉपमध्ये ते ५० ते ६० असतात. ७४ वॅट-तासांची पॉवर बँक तो फार तर एकदा भरेल. पण बहुतेक लॅपटॉप ५ व्होल्टवर भरतच नाहीत. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर आणि यंत्र आधी आपसात बोलतात आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी एक ठरवतात. लॅपटॉप बहुधा २० मागतो. पॉवर बँकेवर ‘२२.५ वॅट फास्ट चार्जिंग’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती बहुधा ९ किंवा १२ व्होल्टपर्यंतच जाते आणि लॅपटॉप ‘हळू चार्जर’ असा इशारा देतो किंवा भरतच नाही. मागची ‘आउटपुट’ ही ओळ वाचावी: तिथे २० व्होल्ट असले पाहिजेत आणि वॅटचा आकडा लॅपटॉपच्या मूळ चार्जरच्या जवळपास हवा.

उलट तक्रार छोट्या वस्तूंची. इअरफोन किंवा घड्याळ लावलं की पॉवर बँक काही वेळाने आपोआप बंद पडते. ती बिघडलेली नसते. वस्तू इतका कमी प्रवाह ओढते की पॉवर बँकेला वाटतं, काही लावलेलंच नाही. काहींत बटण दोनदा दाबून कमी प्रवाहाची अवस्था चालू करता येते. ती नसेल तर सोबत फोनही लावावा.

विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि चेक-इनच्या बॅगेत ती कधीच ठेवायची नसते. ३.७ व्होल्टने पाहिलं तर १०० वॅट-तास म्हणजे २७,००० एमएएच. पुष्कळ मोठ्या पॉवर बँका बरोबर याच्या खाली थांबतात, त्याचं कारण हेच.

बॅटरी कशाने मरते? सगळ्यात जास्त उष्णतेने, आणि त्याखालोखाल पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने. ४.२ व्होल्टला भरलेल्या सेलमध्ये आतली रसायनं सगळ्यात अस्वस्थ असतात, त्यात ऊन मिळालं की झीज वेगाने होते. बंद दप्तरात पॉवर बँकेवर फोन भरायला लावून दप्तर उन्हात ठेवणं म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचं आयुष्य एकदम कमी करणं. सुट्टीत वस्तू बाजूला ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावं. शून्य अंशाखालच्या थंडीत वापरलं तर चालतं, भरू मात्र नये, कारण तेव्हा लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतं आणि ते परत जात नाही. चार्जिंगची ‘सायकल’ म्हणजे चार्जर लावण्याची संख्या नव्हे. निम्मी बॅटरी दोनदा भरली की एक सायकल. युरोपीय संघात जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या नव्या फोन-टॅबच्या बॅटरीने ८०० सायकलींनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियम आहे, कुठलाही फोन घेताना तुलनेला तो आकडा उपयोगी पडतो.

फुगलेली बॅटरी हा एकच विषय असा आहे जिथे थांबून चालत नाही. टॅबची काच एका बाजूने उचललेली दिसली किंवा पॉवर बँक टेबलावर ठेवल्यावर डुलू लागली तर आत वायू झाला आहे. चार्जिंग लगेच थांबवा. दाबून सपाट करू नका, टोचू नका, दप्तरात पुस्तकांमध्ये ठेवू नका. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचऱ्यात द्या. साध्या कचऱ्यात टाकलेली अशी बॅटरी कचरागाडीत चेपली जाऊन पेटते.

नेटशिवायचं ग्रंथालय

दप्तरातल्या सामानाचा सगळ्यात मोलाचा उपयोग, माझ्या मते, हा आहे, आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. नेट नसताना विकिपीडिया वाचता येतो. ‘किविक्स’ हा मोफत प्रोग्राम फोनवर, टॅबवर, संगणकावर चालतो. तो ‘झिम’ प्रकारच्या फाइली उघडतो. एका झिम फाइलीत अख्खा ज्ञानकोश आवळून भरलेला असतो, शोधसूचीसकट. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० जीबीचा होतो. पण तो सगळा लागतोच असं नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक अशा विषयवार प्रती मिळतात, चित्रांशिवायच्या मिळतात, मराठी विकिपीडिया मिळतो, शब्दकोश मिळतात. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही विज्ञान-गणिताची खेळती प्रात्यक्षिकंही झिममध्ये आहेत. त्यात लोलकाची दोरी लांब करून किंवा सर्किटची तार जोडून बघता येते.

उतरवताना दोन ठिकाणी अडतं. फोनमधलं मेमरी कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान असेल तर ते फॅट-३२ मांडणीचं असतं आणि ४ जीबीपुढची झिम फाइल त्यावर जात नाही. ३२ जीबीपुढची कार्डं एक्सफॅटवरच येतात. दुसरं, मोठी फाइल ब्राउझरमधून उतरवताना नेट तुटलं की पहिल्यापासून सुरुवात होऊ शकते. टॉरेंटने, म्हणजे अनेक संगणकांवरून तुकड्या-तुकड्यांनी, उतरवली तर तुटलं तिथून पुढे चालू होते आणि प्रत्येक तुकडा तपासलाही जातो.

एकापेक्षा जास्त विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत ठेवायची गरज नाही. एका संगणकावर किविक्सचा सर्व्हर चालू करायचा, बाकीच्यांनी त्याच वाय-फायवर ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकायचा. इंटरनेट लागत नाही, वाय-फाय फक्त वर्गातल्या वर्गात जोडतं. ‘कोलिब्री’ हा मोफत प्रोग्राम याच रीतीने धडे, व्हिडिओ आणि सराव देतो, शिवाय कोणी काय सोडवलं याची नोंदही ठेवतो. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर हे सगळं बसतं, आणि तो ५ व्होल्टवर चालतो. सरासरी ५ वॅट ओढत असेल तर वरच्या पॉवर बँकेच्या ६३ वॅट-तासांत बारा तास चालेल. त्याची दुखरी नस मेमरी कार्ड. वीज अचानक गेली की कार्डावरचा तक्ता बिघडतो, पेनड्राइव्हसारखाच. म्हणून रीतसर बंद करावा आणि चालत्या कार्डाची एक हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर करून ठेवावी.

वहीचं पान आणि एमबीची मर्यादा

उत्तरपत्रिका किंवा वही ऑनलाइन द्यायची असते आणि फॉर्म म्हणतो, ५ एमबीच्या आत. कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. वीस पानं झाली की संपलं. कारण फोटोत कागदाचा पोत, टेबल, सावली, रंगाच्या लाखो छटा सगळं साठतं, आणि हवी असते फक्त शाई. स्कॅनरचं ॲप कडा कापतं, पान सरळ करतं आणि ‘काळं-पांढरं’ निवडलं तर प्रत्येक ठिपक्याला एकच बिट देतं. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके घेतले तर, २,४८० गुणिले ३,५०८ ठिपक्यांचं होतं. काळ्या-पांढऱ्यात ते आवळून बहुधा शंभर केबीच्या आसपास येतं. वीस पानं दोन एमबीत बसतात.

पेन्सिलीच्या आकृत्या मात्र काळ्या-पांढऱ्यात तुटतात, फिकट रेघा पांढऱ्या ठरतात. ती पानं ‘ग्रेस्केल’मध्ये, म्हणजे करड्या छटांत, ठेवावी. फोन पानाला समांतर धरावा आणि प्रकाश बाजूने येऊ द्यावा, डोक्यावरच्या दिव्याने फोनचीच सावली पानावर पडते. छापील मराठी पानातला मजकूर शोधण्याजोगा करायचा असेल तर ‘टेसरॅक्ट’ हे मोफत साधन मराठी ओळखतं. ३०० डीपीआयच्या खाली गेलं की वेलांट्या आणि अनुस्वार ते गाळू लागतं.

एकच तोंड, वेगवेगळ्या केबली

टाइप-सी हे नाव फक्त तोंडाच्या आकाराचं आहे. २०१४ मध्ये आलेल्या या आकारात २४ संपर्कबिंदू आहेत, पण केबलमध्ये त्या सगळ्यांच्या तारा असतीलच असं नाही. फोनसोबत मिळणारी केबल पुष्कळदा चार्जिंगपुरती आणि यूएसबी २ ची असते: सेकंदाला ४८० मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागलं की ६० एमबी, प्रत्यक्षात ३०-४०. यूएसबी ३ ची केबल ५ गिगाबिट नेते. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावं याच एका वेगाची आहेत, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे नवी वस्तू असं समजून जास्त पैसे देऊ नयेत. शिवाय हा वेग वाटेचा असतो. यूएसबी ३.२ लिहिलेल्या पेनड्राइव्हची चिप सेकंदाला १५ एमबीनेच लिहीत असेल तर केबल बदलून काही होत नाही.

विजेचंही तसंच. साधी टाइप-सी केबल ३ ॲम्पिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट नेते. त्यापुढे केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते, तिच्यासह ५ ॲम्पिअर, १०० वॅट. २०२१ च्या सुधारणेनंतर व्होल्ट वाढवून २४० वॅटपर्यंतची सोय झाली. ६५ वॅटचा चार्जर असून लॅपटॉप हळू भरत असेल तर आधी केबलवर संशय घ्यावा. केबल सैल बसत असेल तर बहुधा तोंडात दप्तरातली धूळ आणि सुताचे धागे दाबून बसलेले असतात. यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच काढावेत, टाचणीने नाही.

आता प्रोजेक्टर. टाइप-सीमधून चित्र जायला यंत्राच्या आत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे याच तोंडातून पडद्याचा संकेत पाठवण्याची सोय, असावा लागतो. तो नसेल तर एचडीएमआयचा साधा ॲडॅप्टर कितीही चांगला असला तरी पडदा काळाच राहतो. बऱ्याच फोनमध्ये आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये तो नसतो. यंत्राच्या तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा, नसेल तर ॲडॅप्टर घेऊच नका. सोय असूनही चित्र येत नसेल तर विंडोज कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. ॲडॅप्टर सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत लावून पाहावा.

चित्र आलं आणि अक्षरं चौकोन झाली, तर गडबड फॉन्टची. प्रेझेंटेशनच्या फाइलीत फॉन्टचं फक्त नाव असतं. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की तिथला दुसरा कुठलातरी येतो आणि ओळी सरकतात. युनिकोड मराठी, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेलं लिखाण, निदान वाचता तरी येतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेलं असेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच पडतो, कारण त्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप चढवतो. म्हणून मूळ फाइलीबरोबर एक पीडीएफ प्रतही न्यावी. पीडीएफ वाचकात फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ हा विभाग उघडा, प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असेल तर अक्षरं त्या फाइलीतच आहेत आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी फरक पडत नाही.